"ट्रॅव्हल इन्शुरन्स म्हणजे पैसे पाण्यात" हा मेसेज पुढे ढकलण्याआधी एकदा हे वाचा

गेल्या पंधरा दिवसांत तोच मेसेज मला चार ग्रुपवर आला आणि पाचव्यांदा खुद्द आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, फोन पुढे करून दाखवला, "अगं हे वाच, मग आपण कशाला घालवायचे पैसे?" मेसेज साधारण असा: परदेशी जाताना इन्शुरन्स घेऊ नका, तब्येत चांगली असेल तर गरजच नाही, कंपन्या क्लेम देत नाहीत, क्रेडिट कार्डावर फुकट मिळतो, इथला मेडिक्लेम असतोच, फ्लाइट रद्द झाली बॅग हरवली तर एअरलाइन बघते, आणि अगदीच काही झालं तर एम्बसी आहे. युरोपच्या व्हिसासाठी मागतात तेवढ्यापुरता सगळ्यात स्वस्तातला घ्या. खाली हात जोडलेले.

अण्णा ७१ वर्षांचे, पाच वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय, आणि मे महिन्यात ते आणि आई माझ्या नणंदेकडे न्यूजर्सीला चाललेत सहा महिन्यांसाठी. म्हणून मला हा मेसेज नुसता डिलीट करून चालणार नव्हता, एकेक मुद्दा घेऊन बसावंच लागलं.

तब्येत चांगली असेल तर गरज नाही, हे आधी घेते कारण यावर मी रागावलेय. माझी स्वतःची आई, ना बीपी ना शुगर, रोज सकाळी तासभर चालणारी, माझ्या भावाकडे गेली होती अमेरिकेत आणि जानेवारीत घराबाहेरच्या पायरीवर बर्फावरून घसरली. मनगट मोडलं. तब्येतीचा आणि बर्फावरून घसरण्याचा काय संबंध? तिथे इमर्जन्सीत नेलं, एक्स-रे, प्लास्टर, चार तास. मग बिलं यायला लागली आणि ती एक नाही, हॉस्पिटलचं वेगळं, तपासणाऱ्या डॉक्टरांचं वेगळं, एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरांचं वेगळं, दोन महिने पोस्टाने येतच राहिली, सगळी मिळून सहा हजार डॉलरच्या वर. लोक म्हणतात अमेरिकेत इमर्जन्सीला नाही म्हणता येत नाही. खरं आहे, १९८६ पासून तसा कायदाच आहे, पैसे नसले तरी तपासून पेशंटला स्थिर करावंच लागतं. पण त्या कायद्यात बिल माफ करा असं कुठेही नाही, उपचार आधी आणि बिल मागून एवढंच. आणि तिथल्या ज्येष्ठांना मिळणारं मेडिकेअर पाहुण्या आईवडिलांना लागू नाही.

आईची पॉलिसी होती म्हणून भाऊ वाचला. पहिले १०० डॉलर आम्ही भरले, पॉलिसीत तसं लिहिलेलंच होतं, आणि एक बिल चार महिने अडकलं कारण आम्ही एक कागद पाठवलाच नव्हता. बाकी सगळं मिळालं.

आता कंपन्या क्लेम देत नाहीत, हा मुद्दा. याला मी खोटं म्हणणार नाही. क्लेम नाकारले जातात आणि ज्यांचे नाकारले गेलेत त्यांचा राग खराच आहे. पण का नाकारतात ते मेसेजमध्ये एका ओळीनेही नाही, आणि आपल्या हातात असलेली गोष्ट नेमकी तीच आहे. सगळ्यात मोठं कारण फॉर्म. एजंट विचारतो काही आजार? आपण म्हणतो काही विशेष नाही, थोडं बीपी आहे गोळी चालू आहे, आणि तो सगळीकडे 'नाही' टिक करून मोकळा होतो कारण प्रीमियम कमी दिसतो. मग तिथे छातीत दुखलं की हॉस्पिटलच्या कागदावर पहिलीच ओळ येते, दहा वर्षांपासून बीपीची गोळी. झालं, माहिती लपवली म्हणून क्लेम गेला. दुसरं, पॉलिसीवर मदतीचा फोन नंबर असतो, ॲडमिट व्हायच्या आधी किंवा इमर्जन्सी असेल तर नंतर लगेच तिथे कळवायचं असतं, किती तासांत ते पॉलिसीत लिहिलेलं असतं, आणि तो नंबर असतो बाबांच्या ईमेलमध्ये ज्याचा पासवर्ड कोणालाच माहीत नाही. तिसरं, साठीच्या पुढच्यांना बऱ्याच पॉलिसींत आतल्या आत मर्यादा असतात. वर मोठ्या अक्षरात एक लाख डॉलर आणि आत खोलीचं भाडं दिवसाला इतकंच, ऑपरेशनला इतकंच. आणि आधीपासूनच्या आजाराला बहुतेक ठिकाणी फक्त जीवावर बेतलं तरच आणि ठराविक रकमेपर्यंतच पैसे मिळतात, नेहमीच्या तपासण्या आणि गोळ्या नाहीतच. अण्णांच्या स्टेंटसाठी मी हीच ओळ प्रत्येक पॉलिसीत आधी शोधतेय, प्रीमियम नंतर.

एवढं करूनही अन्याय झाला तर गप्प बसायचं कारण नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. मुंबईत आहे, पुण्यात आहे, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई तिथे मागता येते. फक्त कंपनीने नाही म्हटल्यापासून वर्षाच्या आत जायचं.

क्रेडिट कार्ड: बँकेच्या साइटवरचं पत्रक उघडून बघा, बहुतेक कार्डांवरचं ते 'फुकट कव्हर' विमान अपघातात मृत्यू झाला तर आहे, तेही तिकीट त्याच कार्डावर काढलं असेल तर. पाय मोडला तर त्याचा उपयोग शून्य. काही महागड्या कार्डांवर दवाखान्याचा खर्च येतो, तुमचं तसं असेल तर लेखी घ्या. मेडिक्लेमचंही तेच, आपल्या बहुतेक पॉलिसी भारतातल्या उपचारापुरत्याच असतात.

एअरलाइन बघते, यात मात्र मेसेज अर्धा बरोबर आहे. बॅग हरवली तर आंतरराष्ट्रीय करारानुसार एअरलाइन जबाबदार असते, सध्या मर्यादा १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे अंदाजे दोन हजार डॉलर, फक्त विमानतळ सोडण्याआधी काउंटरवर लेखी तक्रार द्या आणि खरेदीच्या पावत्या ठेवा. युरोपातून निघणारी फ्लाइट रद्द झाली तर तिथल्या नियमाने हॉटेल-जेवण द्यावंच लागतं, २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीने आकाश बंद झालं तेव्हाही ही जबाबदारी होतीच. पण मुंबईहून आपल्याकडच्या एअरलाइनने युरोपला जाताना तो नियम लागू नाही, आणि दोन वेगळी तिकिटं काढून मधली फ्लाइट चुकली तर कोणीच विचारत नाही. तरी माझं मत, बॅगेसाठी आणि उशिरासाठी म्हणून इन्शुरन्स घेऊ नका. बॅग गेली तर दुःख होतं, घर विकावं लागत नाही. पैसे कमी असतील तर ही कव्हरं सोडा आणि दवाखान्याची रक्कम वाढवा.

युरोपच्या व्हिसापुरता स्वस्तातला, हे तर धोक्याचंच आहे. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाला, किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतं, सगळ्या शेंगेन देशांत आणि राहण्याचे सगळे दिवस चालणारं. ही किमान अट आहे, पुरेशी रक्कम नव्हे. त्यात आपल्या टूर असतात लंडन धरून, आणि लंडन शेंगेनमध्ये नाही, यूकेच्या टुरिस्ट व्हिसाला इन्शुरन्सची अटही नाही, त्यामुळे नुसतं शेंगेनपुरतं घेतलं तर पहिले तीन दिवस माणूस उघडाच. यूकेत इमर्जन्सी विभागात उपचार फुकट आहेत हे खरं, पण ॲडमिट केलं की आपल्यासारख्या पाहुण्यांना ठरलेल्या दराच्या दीडपट बिल लागतं.

राहिली एम्बसी. अडचणीतल्या भारतीयांसाठी २००९ पासून एक कल्याण निधी आहे, पण तो ज्यांच्याकडे खरंच काही साधन नाही त्यांच्यासाठी, पैसे आखातात अडकलेल्या मजुराकडे जायला हवेत, आपल्यासारख्या तिकीट काढून फिरायला गेलेल्यांकडे नाही. आणि लिहायला नको वाटतं तरी लिहिते, तिकडेच कोणी गेलं तर पार्थिव घरी आणायचा खर्च आणि कागदपत्रं हेही पॉलिसीत असतं, त्या वेळी नणंदेसारख्या एकट्या मुलीने ग्रुपवर पैसे मागत फिरावं असं मला नाही वाटत.

आपल्याकडच्या कंपनीची पॉलिसी निघायच्या आधीच घ्यावी लागते, मुक्काम वाढला तर ती संपायच्या आत वाढवावी लागते. अमेरिकेतल्या कंपन्यांची तिथे पोचल्यावरही मिळते, पण त्यातल्या स्वस्त योजना प्रत्येक उपचाराला ठरलेलीच रक्कम देतात, उरलेलं बिल आपलं. नणंद तिकडच्या बघतेय, मी इकडच्या.

रविवारी अण्णा आणि मी जेवणाच्या टेबलावर बसून फॉर्म भरणार आहोत, एजंट नाही, समोर त्यांची डिस्चार्जची फाइल आणि गोळ्यांची चिठ्ठी. मदतीचा नंबर कागदावर लिहून दोघांच्या पासपोर्टच्या कव्हरमध्ये, एक प्रत नणंदेच्या फ्रिजवर. ते अजून म्हणताहेत स्टेंटचं लिहिलं तर प्रीमियम वाढेल. वाढू दे अण्णा, मी भरते.