‘महागडं प्लास्टर, तरीही भुगा’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय वाचला, फोटोही मोठे करून पाहिले. आमच्याकडून अल्फा जिप्सम (ओतकामाचं जास्त कडक प्लास्टर) आणि प्लॅटिनम सिलिकॉन (प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने घट्ट होणारं, साच्यासाठीचं रबर) नेऊन तुम्ही फायरप्लेसची नक्षीदार चौकट ओतलीत. थोडे दिवस आग पेटवल्यावर वरच्या दोन्ही कोपऱ्यांतून तडे गेले, आतल्या कडेचा भुगा पडू लागला. साचाही काही ठिकाणी चिकटच राहिला. ‘साधं पीओपी आणि लॅटेक्स (साच्यासाठीचं द्रवरूप रबर) घेतलं असतं तर निदान पैसे वाचले असते,’ असं तुमचं म्हणणं आहे.

आधी भुग्याचं बोलू. पीओपी असो वा अल्फा, घट्ट झाल्यावर दोन्हींचं जिप्समच होतं आणि त्याच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा हे स्फटिकात बांधलेलं पाणी असतं. कोरडी धग सतत लागत राहिली की ते सुटू लागतं, १०० अंश सेल्सिअसच्या पुढे तर भराभर. पाणी गेलं की पकड गेली. जिप्सम बोर्ड आगीत भिंतीला संरक्षण देतो तो याच गुणामुळे, पण तिथे प्रसंग एकदाच येतो. तुमची कड रोज तापते. तिथे पीओपी असतं तरी हेच झालं असतं.

मग अल्फाला जास्त पैसे का? ते कमी पाण्यात कालवता येतं म्हणून. १०० भाग प्लास्टरला रासायनिक क्रियेपुरतं पाणी १८-१९ भागच लागतं. पीओपी ओतण्याजोगं व्हायला ६०-७० भाग घालावं लागतं, अल्फाला ३०-४० पुरतं. जास्तीचं पाणी सुकताना मागे छिद्रं ठेवून जातं आणि तेवढी ताकद कमी होते. तुम्हीच लिहिलंय की ‘नेहमीच्या पीओपीसारखं पातळ करून ओतलं’. म्हणजे ज्या कडकपणाचे पैसे मोजलेत तो बादलीतच बुडाला. प्लास्टर आणि पाणी दोन्ही काट्यावर तोलायचं, आणि प्लास्टर पाण्यात सोडायचं, पाणी प्लास्टरवर नाही. डोळ्यांचा अंदाज इथे फसतो, भल्याभल्यांचा फसतो.

पण अल्फा कितीही कडक जमलं तरी ते उष्णतारोधक होत नाही. या दोन गोष्टींची गल्लत फार जण करतात.

तड्यांचं कारण फोटोत दिसतंय. तुटलेल्या भागात काचतंतू किंवा तागाचं कापड कुठेच नाही. फायरप्लेसच्या तोंडाच्या कोपऱ्यांवर ताण एकवटतो, तिथे तरी ते हवंच होतं.

चौकट मोडीत काढू नका. आतला पट्टा कापून तिथे स्लेट, दगड किंवा बिडाच्या पट्ट्या बसवा आणि शेगडी बनवणाऱ्याने सांगितलेलं अंतर राखूनच जिप्सम सुरू होऊ द्या. तीच नक्षी अगदी कडेपर्यंत हवी असेल, तर तेवढा भाग कॅल्शियम अॅल्युमिनेट सिमेंटच्या उष्णतारोधक काँक्रीटमध्ये ओता.

चिकट साच्याबद्दल एक प्रश्न आहे: मूळ नमुना कोणत्या मातीत घडवला होता? तेलकट मातीत बहुतेकदा गंधक असतं आणि गंधक लागलं की प्लॅटिनम सिलिकॉन घट्ट होत नाही. फोटोत चिकट पट्टे नेमके पानांच्या खोबणीत आहेत, म्हणून हा संशय. मातीवर शेलॅकचा (लाखेचा) थर मारून दर वेळी भागत नाही. तशा मातीला कथिलावरचं, म्हणजे कथिलाच्या उत्प्रेरकाने घट्ट होणारं सिलिकॉन बरं. ते काळाने थोडं आकसतं, पण मोजक्या प्रती काढायच्या असतील तर त्याने अडत नाही. कोणतंही सिलिकॉन घ्या, आधी नमुन्याच्या मागच्या बाजूला चमचाभर लावून बघा.

लॅटेक्सबद्दल मात्र तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे. एकच चौकट काढायची असेल तर लॅटेक्स पुरतं, आणि खोल नक्षीतूनही ते मोज्यासारखं उलटून निघतं. फक्त पातळ थरांवर थर द्यावे लागतात, प्रत्येक थर सुकू द्यावा लागतो आणि मागून प्लास्टरचा किंवा फायबरचा आधारसाचा करावाच लागतो. तो नसला तर चौकटीच्या लांब सरळ रेषा वाकड्या येतात. तुम्ही दुकानात ‘दोन-तीन खोल्यांसाठी’ म्हणालात, म्हणून सिलिकॉन सुचवलं होतं.

प्लास्टरचे पैसे आम्ही परत करणार नाही, कारण मालात खोट नाही. सिलिकॉनचे न उघडलेले डबे मात्र घेऊन या, कथिलावरचं बदलून देऊ. येताना मातीचा गोळा आणि तुटलेला तुकडाही आणा. आणि आतली कड बदलेपर्यंत त्या फायरप्लेसमध्ये आग पेटवू नका. वरचा आडवा भाग दोन्ही कोपऱ्यांत तडकलेला आहे आणि तो वजनदार आहे.