चौथा बोलत नाही

आमच्या घरात सहा जण आहेत आणि त्यांतला चौथा बोलत नाही. माणसांबद्दल म्हणत नाहीये. माणसं तीनच आहेत आणि ती भरपूर बोलतात. हे सहा जण माझ्या सिंथच्या, म्हणजे सिंथेसायझर या विजेवर चालणाऱ्या वाद्याच्या, पोटात राहतात. सिंथ 1980च्या दशकातला, सहा आवाजांचा. मॉडेलचं नाव सांगत नाही; घरातल्या आजाऱ्याचं नाव चारचौघांत घेऊ नये.

सहा आवाज म्हणजे एका वेळी सहा सूर. पट्टी दाबली की आतला मेंदू ते काम पाळीपाळीने एकेकाला देतो. चौथ्याची पाळी आली की शांतता. दोष एखाद्या पट्टीत असता तर ती टाळून निभावलं असतं. पण हा दोष फिरतीवर असतो. सरगम वाजवली, मध्यम गायब. पुन्हा वाजवली, तर मध्यम ठणठणीत आणि रिषभ गेला, जाताना तार षड्जालाही घेऊन गेला. तिसऱ्यांदा धैवत. आई दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "अरे, या रागात नेमका वर्ज्य स्वर कोणता?"

जुन्या सिंथचा नाद लागलेल्यांना बाहेरची माणसं एकच प्रश्न विचारतात. माझी मुलगी घरातली असून विचारते. "बाबा, हा आवाज माझ्या लॅपटॉपमध्ये आहे. सहाच्या सहा आवाज चालतात. का करता हे?" यावर आम्ही 'जिवंतपणा', 'ऊब' असले शब्द वापरतो. खरी गोष्ट जरा लाजिरवाणी आहे. आम्हाला बिघाडच आवडतो.

1970 सालचा मिनीमूग हा सिंथ घ्या. एका वेळी एकच सूर काढणारा, आणि तोही तापमान बदललं की सरकणारा. वाजवण्याआधी अर्धा तास चालू ठेवायचा, मग सुरात लावायचा, मग पुन्हा लावायचा. पण त्यातले तीन ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणारे भाग, एकमेकांपासून केसभर सरकले की जो आवाज येतो, त्यासाठी लोक घरदार विसरतात.

रोलंड या जपानी कंपनीच्या टीआर-808ची कथा तर याहून पुढची. हे तालयंत्र 1980 ते 1983 एवढंच बनलं, सुमारे 12,000 नग. त्याचा तो सळसळता आवाज आला आतल्या ट्रान्झिस्टर नावाच्या सदोष इलेक्ट्रॉनिक भागांतून. कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी ते मुद्दाम वापरले होते. पुढे ट्रान्झिस्टर बनवण्याचं तंत्र सुधारलं, पुरेसे खराब ट्रान्झिस्टर मिळेनात आणि 808 बंद पडलं. चांगला माल यायला लागला म्हणून उत्पादन थांबलं, असं दुसरं उदाहरण माझ्या तरी ऐकिवात नाही.

त्याचंच भावंड टीबी-303, खर्जातले सूर म्हणजे बेस वाजवणारं यंत्र. गिटार वाजवणाऱ्याला घरबसल्या बेसची साथ मिळावी, हा हेतू. साथ अशी दिली की एकाही गिटारवाल्याने मनावर घेतलं नाही आणि 1984 पर्यंत यंत्र बंदही झालं. मग शिकागोच्या पोरांना ते पडेल भावात मिळालं, त्यांनी सगळे नॉब नको तितके पिळले आणि त्या किंचाळीतून अॅसिड हाउस नावाचं नाचाचं संगीत निघालं. (आपल्या हिंदी सिनेसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी 1982 सालीच 303 आणि 808 जोडीला घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवले होते. तेव्हा फारसं कोणी ऐकलं नाही, ते सोडा.)

तर बिघाड हवाच. फक्त आमच्या पसंतीचा. सूर सरकला तर गोड, खरखर आली तर मोहक, पण चौथा गप्प बसला की आम्ही स्क्रूड्रायव्हर काढतो.

आधी आतले साठवलेले आवाज वाचवायचे. त्या काळी ही साठवण कॅसेटवर होत असे: सिंथ आपली सगळी स्मृती एका लांबलचक किंचाळीत ओकतो आणि ती टेप करायची. मी फोनवर टेप केली. चिरका, थरथरता, कानाला भोकं पाडणारा आवाज. संपल्यावर आई आतून म्हणाली, "आज बरं वाजवलंस हं. सलग होतं."

मग झाकण उघडलं. पन्नासेक स्क्रू असावेत असं वाटलं. निघाले बारा, त्यांतले लावताना पुरले अकरा. आत चाळिशी उलटलेली धूळ. आणि ओळीने उभ्या सहा काळ्या वड्या, एकेक आवाजाची एकेक. वडी म्हणजे छोट्या पट्टीवर बसवलेले भाग, वरून काळ्या राळेत बुडवलेले. ही राळ लावली होती संरक्षणासाठी. वर्षं गेली तशी तीच थोडीथोडी वीज झिरपू द्यायला लागली आणि आतला आवाज आधी खरखरला, मग बसला. संरक्षणानेच गळा दाबायचा, हा प्रकार फक्त इलेक्ट्रॉनिक्समध्ये होतो असं मला पूर्वी वाटायचं.

मी निवडलेला उपाय: वडी उपसायची आणि अॅसिटोनमध्ये बुडवून ठेवायची. उपसणं सोपं नाही. सगळे पाय एका रांगेत, प्रत्येकाचं सोल्डर वेगळं वितळवायचं, पंपाने ओढायचं. उष्णता जास्त झाली तर बोर्डावरचा तांब्याचा माग, म्हणजे वीज वाहून नेणारी रेघ, उचलून येतो, आणि मग माणूस जे शब्द उच्चारतो ते ऐकून आई दार लावून घेते. माझा एक माग अर्धा उचलला. अर्धाच, हे नशीब.

अॅसिटोन म्हणून मी पहिल्यांदा मुलीच्या नेलपॉलिश रिमूव्हरची बाटली रिकामी केली. त्यात सुगंध, तेल, काय काय घातलेलं असतं. वडी मऊ झाली नाही, सुगंधी झाली. मुलगी दोन दिवस बोलली नाही, म्हणजे घरात मूक सदस्य दोन झाले. मग शुद्ध अॅसिटोन आणलं, घट्ट झाकणाची काचेची बरणी घेतली आणि ती खिडकीत ठेवली.

"बरणीत काय मुरत घातलंयस?" आईने विचारलं.

"चौथा."

तिने पुढे विचारलं नाही. काही गोष्टी आईपण सोडून देतं.

तिसऱ्या दिवशी राळ सुटली. सापाच्या कातीसारखी चिमट्याने सोलली आणि आतली हिरवी पट्टी उघडी पडली, इतकी नाजूक की मी श्वास रोखून धरला. वाळवली, पुन्हा बसवली, सोल्डर केली. फोनवरची किंचाळी सिंथला परत पाजली. सरगम वाजवली. सा रे ग म. मध्यम! मी दोन्ही हात वर केले.

मुलीने शांतपणे लॅपटॉप पुढे केला. 2020 साली प्रॉफेट-5 हा जुना सिंथ नव्याने आला, त्यावर 'व्हिंटेज' नावाचा नॉबच दिलेला आहे. पिळाल तितके त्याचे आवाज एकमेकांपासून जरा जरा फटकून वागतात. "बघा बाबा, आता बिघाड नव्यातच मिळतो."

मी दुर्लक्ष करून माझी ती धून वाजवायला घेतली. चौथा गप्प होता त्या आठ महिन्यांत बांधलेली, बारा सुरांची. बाराला सहाने भाग जातो, त्यामुळे गाळलेल्या जागा प्रत्येक फेरीत बरोबर तिथेच यायच्या. तिथे सूर थांबायचा, आपण थांबायचो आणि पुढचा सूर अलगद उतरायचा. आता त्या दोन्ही जागी चौथा येऊन छाती काढून उभा राहत होता. त्या पट्ट्या न दाबता वाजवून पाहिलं. बोटं ऐकेनात, हवेत अडखळली.

"मधे मधे काहीतरी जास्तीचं वाजतंय का रे?" आईने आतून विचारलं.

अकरा स्क्रूंपैकी चार मी अजून घट्ट केले नव्हते.