इंग्रज काही सापडेना

बाबा एडिंबऱ्याला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी जिन्यात त्यांची खालच्या मजल्यावरच्या आजोबांशी गाठ पडली. मी पर्समध्ये किल्ली शोधेपर्यंत बाबांनी त्यांचा हात हातात घेऊन "तुम्ही इंग्रज लोक वेळेचे फार पक्के" असं प्रशस्तिपत्रकही देऊन टाकलं होतं. आजोबांचं हसू मावळलं. "मी इंग्लिश नाही," ते म्हणाले. बाबांना तो विनय वाटला. "असू दे, असू दे," म्हणत त्यांनी आजोबांचा खांदा थोपटला.

रात्री जेवताना शिकवणी घेणं भाग होतं. आई आणि दोन्ही आत्यांना हा धडा फोनवर देऊन झाला होता आणि तिघींनाही मी अजून 'इंग्लंडला'च असते. या वेळी मी समोरचं ताटच नकाशा म्हणून घेतलं. "बाबा, हे अख्खं ताट म्हणजे ग्रेट ब्रिटन बेट. वरच्या अंगाला ठेचा, तो स्कॉटलंड. खाली भाताचा ढीग, ते इंग्लंड. भाताला डावीकडून चिकटलेलं पिठलं म्हणजे वेल्स. ताटाबाहेर डावीकडे ताकाची वाटी, ते आयर्लंड. ताट आणि वाटीचा ताटाकडचा वरचा कोपरा मिळून युनायटेड किंगडम."

"ताकाचा कोपरा?"

"हो, तो उत्तर आयर्लंड. उरलेलं ताक वेगळा देश."

"आणि ही मिठाची चिमूट, मधे सांडलेली?"

"आइल ऑफ मॅन. राजाची आहे, पण युनायटेड किंगडममध्ये नाही."

"मग आपण जेवायचं कधी?"

बाबा भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झालेत. नकाशा त्यांच्या गळी उतरला नाही, पण सनावळी सुरू झाली तसा चेहरा उजळला. 1707 मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंडची संसद एक झाली, 1801 मध्ये आयर्लंड जोडलं, 1922 मध्ये त्यातला मोठा भाग वेगळा निघाला. "म्हणजे दोन फेरफार आणि एक वाटणी," बाबा म्हणाले. "एवढं सरळ आहे, तर तू मघापासून भात का चिवडतेस?"

अडले ते वेल्सपाशी. वेल्सला सोळाव्या शतकातच कायद्याने इंग्लंडला जोडून टाकलं होतं. म्हणून आजच्या झेंड्यात इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड या तिघांचे क्रॉस आहेत आणि वेल्सचा लाल ड्रॅगन नाही. "सातबाऱ्यावर नावच नाही? निदान इतर हक्कात तरी?" नाही. शिवाय 'वेल्श' हा शब्द ज्या जुन्या इंग्रजी शब्दावरून आला, त्याचा अर्थ 'परका'. ते लोक स्वतःला 'कम्री' म्हणतात, म्हणजे एका देशचे. बाबांनी घास खाली ठेवला. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी बांध कोरणारे पाहिले होते, पण मूळ मालकाची कागदोपत्री 'उपरा' अशी नोंद करणारे पहिल्यांदाच भेटत होते.

फुटबॉलला चार संघ, ऑलिंपिकला एक, आणि रग्बीत आयर्लंडचे दोन्ही भाग मिळून एकच. हे मी सांगितलं खरं, पण सांगायला नको होतं.

त्यानंतर बाबांनी इंग्रज शोधायचा चंगच बांधला. "मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन तरी?" स्कॉटिश. "आमच्या साताऱ्याचा रेसिडेंट, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ?" तोही स्कॉटिश, बॅन्फचा. बाबा गप्प झाले. चौथीपासून ज्यांना इंग्रज म्हणून शिव्या दिल्या, त्यांचे पत्तेच चुकीचे निघत होते.

रविवारी आजोबाच आम्हाला गाव दाखवायला घेऊन निघाले. 2014 च्या सार्वमतात स्वतंत्र स्कॉटलंडच्या बाजूने मत दिलेला हा माणूस. कुठल्याही फॉर्मवर 'ब्रिटिश' या चौकोनात खूण करत नाही, 'स्कॉटिश'वर मात्र पेन दाबून करतो. प्रिन्सेस स्ट्रीटच्या टोकाला मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा आणि त्यावर स्वार. ड्यूक ऑफ वेलिंग्टन.

"म्हणजे आर्थर वेलस्ली? असईचा?" बाबा थबकले. 23 सप्टेंबर 1803, शिंदे-भोसल्यांचा पराभव; जालन्याकडची ती जागा ते पाहून आलेत. "सापडला की नाही इंग्रज!"

"बाबा, त्याचा जन्म डब्लिनचा."

"आणि फौज?"

"बरीचशी मद्रासकडची. गोऱ्या पायदळाच्या पलटणी दोन, 74 वी आणि 78 वी हायलँडर." हायलँडर म्हणजे कुठले, ते सांगावं लागलं नाही. बाबा सावकाश आजोबांकडे वळले आणि शाळेत पाठ केलेल्या स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "म्हणजे आम्हाला इंग्रजांनी हरवलंच नाही. तुम्ही हरवलंत."

आजोबांनी टोपी सारखी केली. घोड्याकडे पाहिलं, मग येणाऱ्या ट्रामकडे.

"त्या वेळी," ते म्हणाले, "आम्ही सगळेच ब्रिटिश होतो."

बाबा माझ्या कानाशी आले. "बघितलंस? बोजा चढायची वेळ आली, की खातं लगेच सामाईक."