सॉमरसेटचा आजन्म भक्त होण्याची कृती

दर वर्षी जिंकणाऱ्या संघामागे कोणीही जातं. आयुष्यभर पुरेल असा संघ हवा असेल तर टाँटनची वाट धरा, म्हणजे इंग्लंडमधल्या सॉमरसेट या काउंटी क्रिकेट संघाच्या घरच्या मैदानाची. सॉमरसेट १८९१ पासून काउंटी चॅम्पियनशिप (तिथली चार दिवसांच्या सामन्यांची साखळी स्पर्धा) खेळतोय आणि आजवर ती एकदाही जिंकलेला नाही. ग्लॉस्टरशायर आणि नॉर्दम्प्टनशायर यांचीही पाटी कोरीच आहे, कबूल. पण त्यांच्या नादी लागू नका. तिथे सहसा जूनपर्यंत निकाल लागतो आणि माणूस मोकळा होतो. सॉमरसेट सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत ताट वाढून ठेवतो आणि मग पाट ओढून घेतो. उपास वेगळा आणि हातातोंडाशी आलेला घास जाणं वेगळं.

हंगाम एप्रिलच्या सुरुवातीला उघडतो. क्रिकेट उन्हाळ्यातला खेळ आहे ही समजूत घरी ठेवा. आत दोन स्वेटर, वर वारा अडवणारं जाकीट आणि कानटोपी घाला. बसायला उशीही न्या; सकाळी अकरा वाजता तिथली प्लास्टिकची खुर्ची बर्फाच्या लादीशी स्पर्धा करते. चहाचा थर्मास एक लिटरपेक्षा लहान नको, कारण दिवस ९६ षटकांचा असतो आणि ती वेळेत कधीच संपत नाहीत. स्कोअरबुक पेन्सिलीनेच भरा. शाईवर दोन थेंब पडले की निर्धाव षटक आणि विकेट यांतला फरक पुसला जातो, आणि थेंब पडणारच आहेत. सेंट जेम्स चर्चचा मनोरा समोर दिसेल अशी जागा धरा. खेळ थांबल्यावर बघायला काहीतरी हवं.

ठाण्यात किंवा पुण्यात बसून भक्ती करायची असेल तर घरच्या सामन्याचं प्रक्षेपण यूट्यूबवर असतं. आपल्याकडे दुपारी साडेतीनला सुरू, लंच साडेपाचला, संपता संपता रात्रीचे साडेदहा-अकरा. सप्टेंबरात सगळं अर्धा तास अलीकडे. चौथ्या दिवशी घरातून "अहो, अजून तीच मॅच चाललीय का?" असं विचारलं जाईल. "हो" म्हणा. "जिंकतायत का?" या प्रश्नाला मात्र कान नसल्यासारखं करा.

गणित पक्कं करा, कारण या भक्तीत बॅटपेक्षा बेरीज जास्त चालते. विजयाला १६ गुण, अनिर्णित सामन्याला ८. त्याशिवाय पहिल्या डावाच्या ११० षटकांत २५० धावा झाल्या की एक गुण आणि पुढे दर पन्नासाला एकेक, ४५० पर्यंत पाच. गोलंदाजीत तिसरी, सहावी आणि नववी विकेट पडली की एकेक. म्हणजे १०८ षटकांनंतर ९ बाद २९६ असताना अकरा नंबरचा फलंदाज प्रत्येक चेंडू मन लावून सोडून देत असेल, तर ते बारा चेंडू म्हणजे तुमचा अख्खा हंगाम असू शकतो. शेजारचा पेंगत असतो. त्याला उठवा.

या विषयाचं पाठ्यपुस्तक म्हणजे २०१०. सॉमरसेट तीनही स्पर्धांत दुसरा आला, आणि दर वेळी निराळ्या पद्धतीने. १४ ऑगस्टला टी-ट्वेंटीच्या अंतिम सामन्यात हॅम्पशायर आणि सॉमरसेट दोघांच्याही १७३ धावा झाल्या. हॅम्पशायरने एक विकेट कमी गमावली होती, म्हणून चषक त्यांचा. पण शेवटच्या चेंडूवर काय झालं ते नीट बघा. हॅम्पशायरचा फलंदाज डॅन ख्रिश्चन जायबंदी होता, त्याच्यासाठी रनर धावत होता. लेगबाय मिळाली आणि जोशात ख्रिश्चन स्वतःही पलीकडे पळाला. नियमाने त्याची क्रीज यष्टिरक्षकाकडची. तिथल्या बेल्स उडवून अपील केलं असतं तर तो बाद होता आणि ती धावही गेली असती. सॉमरसेटच्या एकालाही ते सुचलं नाही. भक्त होऊ घातलेल्यांनी हा चेंडू महिन्यातून एकदा तरी बघावा, शक्यतो जेवणाआधी.

१६ सप्टेंबरला चॅम्पियनशिप संपली तेव्हा नॉटिंगहॅमशायर आणि सॉमरसेट यांचे गुण समान होते, २१४. नॉटिंगहॅमशायरचे विजय सात, आपले सहा. त्यांना शेवटच्या दिवशी मँचेस्टरमध्ये आधी ४०० धावा (तेव्हा पाचवा गुण तिथे मिळायचा) आणि मग तीन विकेट हव्या होत्या. दोन्ही मिळालं. दोन दिवसांनी लॉर्ड्सवर एकदिवसीय अंतिम सामना. तिथे इयन बेलने वॉरविकशायरसाठी शतक ठोकलं. शनिवार होता, सुट्टीचा दिवस सत्कारणी लागला.

२०१६ चा अभ्यासक्रम छोटा आहे पण कठीण. आपण आपला सामना तीन दिवसांत जिंकून मोकळे झालो. चौथ्या दिवशी काम एकच: टाँटनमध्ये बसून लॉर्ड्सवर काहीच घडू नये अशी प्रार्थना करणं. मिडलसेक्स-यॉर्कशायर अनिर्णित राहिला की विजेतेपद आपलं. तेही विजेतेपदाच्या शर्यतीत होते, दोघांनाही अनिर्णित परवडत नव्हतं, म्हणून कर्णधारांनी आपापसांत ठरवलं. यॉर्कशायरने हलके चेंडू टाकून धावा दिल्या, मिडलसेक्सने डाव घोषित करून ४० षटकांत २४० धावांचं लक्ष्य ठेवलं. टोबी रोलंड-जोन्सने हॅट्ट्रिक घेऊन सामना संपवला. चार गुणांनी दुसरे. कोणाला शिव्या द्यायच्या हे ठरत नसेल तर अनुक्रम असा: आधी मिडलसेक्स, मग यॉर्कशायर, मग उघडं आकाश.

आकाशाची तक्रार २०१९ मध्येही करता येते. शेवटचा सामना टाँटनलाच, समोर एसेक्स, आपल्याला विजय हवा. खेळपट्टी इतकी फिरत होती की तिथल्या रसिकांनी मैदानाला दिलेलं 'सायडराबाद' हे नाव सार्थ झालं. (सायडर म्हणजे तिथली सफरचंदाची दारू, हैदराबादची आठवण आपली आपण काढायची.) पावसाने बराच खेळ खाल्ला आणि सामना अनिर्णित राहिला. वर बोर्डाने खेळपट्टीबद्दल गुण कापले. ज्या खेळपट्टीने जिंकून दिलं नाही तिच्यासाठी दंड भरणं, ही पायरी सगळ्यांना गाठता येत नाही. १९९३ पासून इथेच खेळणारा मार्कस ट्रेस्कोथिक त्याच सामन्यानंतर निवृत्त झाला, चॅम्पियनशिपशिवाय. पुढच्या वर्षी चॅम्पियनशिपऐवजी झालेल्या बॉब विलिस चषकाचा अंतिम सामना, पुन्हा एसेक्स. अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावाच्या आघाडीवर आपण हरलो. न हरता हरण्याचा मान.

हुशारी दाखवायची हौस असेल तर तीही भागते. मे १९७९ मध्ये एकदिवसीय स्पर्धेच्या साखळी सामन्यात वूस्टरला कर्णधार ब्रायन रोजने नियम वाचून, गुण समान झाल्यास कामी येणारा गोलंदाजीचा स्ट्राइक रेट राखायला, एका षटकानंतर बिनबाद १ वर डाव घोषित केला. वूस्टरशायरने दहा चेंडूंत सामना संपवला. नियमात बसत होतं, म्हणून सॉमरसेटला स्पर्धेतून काढून टाकलं. त्याच वर्षी संघाने इतिहासातले पहिले दोन चषक जिंकले. टाँटनच्या मैदानाच्या एका प्रवेशद्वाराला आता ब्रायन रोजचं नाव आहे. आत शिरताना नमस्कार करा.

मराठी माणसाला ओळख काढायची असेल तर १९८० मध्ये विव्हियन रिचर्ड्स वेस्ट इंडीजकडून खेळत असताना त्याच्या जागी सुनील गावसकर सॉमरसेटकडून खेळले, हे सांगा. २०२३ मध्ये नॉर्दम्प्टनला पृथ्वी शॉने २४४ धावा कोणाविरुद्ध केल्या, ते सांगू नका.

धोका एकच. अधूनमधून हा संघ काहीतरी जिंकतो. टी-ट्वेंटी २००५, २०२३ आणि २०२५ मध्ये, लॉर्ड्सवरचा एकदिवसीय चषक २०१९ मध्ये. गाफील राहू नका. टाळ्या वाजवा, पण चार दिवसांचं क्रिकेट ते खरं, असं पुटपुटत राहा.

नवं वेळापत्रक हाती आलं की आधी शेवटची फेरी बघा आणि तिच्या चौथ्या दिवसाची रजा तेव्हाच टाका. कारणाच्या रकान्यात 'घरगुती अडचण' लिहा. जोडीला त्यानंतरच्या दिवसाचीही टाकून ठेवा.