अर्धी गोळी

गेल्या आठवड्यात एका बारशाला गेले असता तीन जणींनी मला कौतुकाने सांगितले, की 'तुझी तब्येत आता छान भरली आहे.' मी हसून मान डोलावली, कारण हे भरलेले गाल स्टेरॉइडचे आहेत आणि त्याच सकाळी मला स्वतःच्या ब्लाउजचे हूक लावता आले नव्हते, हे पाळण्याशेजारी उभे राहून सांगण्यात अर्थ नव्हता.

मला र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस होऊन नऊ वर्षे झाली. 'वय झाले की सांधे दुखतातच' असे म्हणणाऱ्यांना हा झिजेचा वात वाटतो, पण झिजलेला गुडघा चालल्यावर दुखतो आणि विसावला की शांत होतो, तर माझी बोटे रात्रभराच्या विश्रांतीनंतरच सर्वांत जास्त आखडलेली असतात. शरीराची प्रतिकारशक्ती सांध्यांच्या आतल्या अस्तरावरच उलटते, त्याचा हा परिणाम. सकाळी तास-दीड तास मूठ वळत नाही, कुकरचे झाकण फिरत नाही, आणि अकरा वाजता मी इतरांसारखीच कामाला लागलेली दिसते. मधले चार महिने बरे जातात, मग काही कारण नसताना दुखणे पुन्हा उसळते. सतत दिसणाऱ्या आजारावर लोक विश्वास ठेवतात. येऊन-जाऊन असणाऱ्यावर 'काल तर चांगली हिंडत होतीस' एवढेच ऐकायला मिळते.

त्याहून मला खरी चीड येते ती 'ते स्टेरॉइड आधी बंद कर' या सल्ल्याची. हे औषध निर्धोक आहे, असे मी म्हणणार नाही. माझी साखर वाढली, झोप उडाली, हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व कायमचे मागे लागले. परंतु मेथोट्रेक्सेटसारखे मूळ औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि त्याचा गुण येण्यास कित्येक आठवडे लागतात. तोपर्यंत, आणि पुढे प्रत्येक उसळीच्या वेळी, मला उभे ठेवले ते प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडनेच. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी याच आजाराने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोन हे याच जातीचे स्टेरॉइड दिले, तेव्हा काही दिवसांतच ती चालू लागली होती. त्या कामासाठी हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना १९५० चे नोबेल मिळाले. दुष्परिणामही त्याच सुमारास ध्यानात येऊ लागले होते. म्हणजे या औषधाची दोन्ही रूपे जगाला सुरुवातीपासून ठाऊक आहेत, आमच्या नातेवाइकांनी ती नव्याने शोधलेली नाहीत.

शिवाय ते एकाएकी बंद करता येत नाही. बाहेरून गोळी मिळत राहिली की मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचे नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणे कमी करतात, आणि अशा वेळी गोळी अचानक थांबवली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. गंमत अशी, की मला हा सल्ला देणाऱ्या एक काकू स्वतः एका वैदूकडची बिनलेबलाची पुडी घेत होत्या. दोन दिवसांत गुडघे हलके झाले म्हणून त्या खूश होत्या. पुढे त्यांचाही चेहरा सुजला आणि साखर चढली, तेव्हा डॉक्टरांनी पुडीत स्टेरॉइड असल्याची शंका बोलून दाखवली. माझ्या गोळीवर निदान मात्रा छापलेली असते.

सध्या माझी मात्रा दहावरून साडेसात मिलिग्रॅमवर आणली आहे. त्यासाठी पाचाची एक गोळी अख्खी आणि दुसरी अर्धी, सकाळच्या न्याहारीनंतर घ्यायची असते. ती हरभऱ्याच्या डाळीएवढी गोळी मधोमध मोडण्याइतका जोर माझ्या बोटांत सकाळी नसतो. म्हणून दर रविवारी रात्री आमचे हे चष्मा लावून बसतात आणि आठवड्याच्या गोळ्यांचे तुकडे करून हळदी-कुंकवाच्या जुन्या डबीत भरून ठेवतात.