यंदा दिवाळी नाही, पण कंदील आहे

घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण करायचा नाही, हा नियम आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतो आणि दिवाळीच्या तोंडावर त्यावरून वादही ठरलेला असतो. एक बाजू म्हणते, रीत पाळा, लोक काय म्हणतील. दुसरी म्हणते, हे सगळं थोतांड, गेलेल्या माणसाला तुमच्या अंधाराचा काय उपयोग? सांगलीला बाबा गेले तेव्हा आमच्याही घरात असे दोन तट पडले. मी म्युनिकमध्ये राहते. मला वाटतं, दोन्ही बाजू रीतीचा निम्माच भाग बघतात.

दुःखाच्या घरी कढई चढत नाही, कंदील लागत नाही, हे खरं. पण फराळाचे डबे सगळ्यांत जास्त त्याच घरी येतात. त्या दिवाळीत आईकडे शेजारच्या काकूंच्या चकल्या होत्या, समोरच्यांचा चिवडा, मामींच्या करंज्या, बाबांच्या मित्राकडचे अनारसे. नुसता डबा कुणी धाडत नव्हतं. माणूस स्वतः यायचं, टेकायचं, बाबांची एखादी आठवण काढायचं. आईला एकटं बसायला सवडच मिळाली नाही.

इथे वरच्या मजल्यावरच्या जर्मन आजी फार भल्या आहेत, पण आमची दिवाळी कधी असते हेच त्यांना माहीत नाही. यंदा ती नाही हे कुठून कळणार? मराठी घरं शहरभर विखुरलेली, त्यात लक्ष्मीपूजनालाही ऑफिस. म्हणजे रीतीतली मनाई तेवढी आमच्याबरोबर आली आणि डबे मागेच राहिले. नुसती मनाई पाळून मी माझ्या मुलाला आजोबांबद्दल काय सांगणार होते? म्हणून ठरवलं, फराळ नाही, नवे कपडे नाहीत, पण बाबांचा कंदील लावायचा.

बाबा दरवर्षी कंदील घरीच करायचे. बांबूच्या कामट्या तासून त्यांचे चौकोन दोऱ्यानं घट्ट बांधायचे, कणकेची खळ शिजवायची, तिला किडे लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घालायचं. पतंगी कागद ताणून चिकटवायचा आणि वाळेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. झिरमिळ्या कापायचं काम माझं. इथे बागकामाच्या दुकानात रोपांना आधार द्यायच्या बांबूच्या काड्या मिळतात, त्या उभ्या चिरल्या. कागदाची अडचण आली नाही. ११ नोव्हेंबरला संत मार्टिनच्या नावानं इथली मुलं कागदी कंदील घेऊन संध्याकाळी मिरवणुकीनं निघतात, त्यामुळे ऑक्टोबरात दुकानांत रंगीत पारदर्शक कागद हवा तेवढा असतो.

आत्याला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “लाव की गं, तुला तर तिसऱ्या दिवशीच सुटलं.” लग्न झालेल्या मुलीला माहेरचं सुतक तीनच दिवस. आत्याच्या मनात माया होती, मला माहीत आहे. तरीही ती परवानगी मला लागली. मी दुसऱ्या घरची म्हणून मोकळी, हे मला मान्य नाही. मी बाबांची मुलगी म्हणूनच तो कंदील लावला.

आणि आईचं काय? मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव करून बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं असल्या विधवांवर लादलेल्या प्रथा बंद केल्या, आणि इतर गावांनीही तेच करावं असं परिपत्रक त्याच महिन्यात राज्य सरकारनं काढलं. ते गाव आमच्यापासून दूर नाही. आमच्याकडे आईच्या बांगड्यांना कुणी हात लावला नाही, याचं थोडं श्रेय मी त्या ठरावाला देते. दिवाळी न करणं हा मात्र आईचा स्वतःचा निर्णय होता. तिला तेवढं वर्ष हवं होतं. तिच्यावर पुढारलेपणाची सक्ती करणाऱ्या माझ्या भावाशी मी त्यावरून भांडले, आणि पुन्हा भांडेन.

इथे बव्हेरियात १ नोव्हेंबरला लोक कबरींवर फुलं वाहतात, लाल दिवे ठेवतात. त्या दिवशी सार्वजनिक नाचावर कायद्यानंच बंधन आहे, आणि त्यावरून इथेही वाद होतात. पण शोकाच्या दिवशी दिवा कसा, असं कुणी विचारत नाही. आपण तरी का विचारावं? माणूस जातं त्या जागी आपणही दहा दिवस दिवा तेवत ठेवतोच.

इथल्या मराठी मंडळापुढे मी एक गोष्ट मांडली आहे. दिवाळीचा हॉल, जेवण, नाटुकली सगळं होऊ दे, पण त्याआधी यादी करा, यंदा कुणाकडे दुःख आहे त्याची. त्या घरी दोघांनी तरी डबा घेऊन जायचं आणि तासभर बसायचं. यंदा अशी दोन घरं आहेत. चिवडा माझ्याकडे लागला. चकल्या आणि अनारसे कोण करणार ते अजून ठरायचंय.