सहा तारा आणि एक दांडा

शनिवारी जेवण उरकून गिटारच्या तारा बदलायला बसताना मी बायकोला "अर्ध्या तासात येतो" असे सांगितले, आणि माझे वाक्य संपायच्या आत ती पिशवी घेऊन एकटीच भाजी आणायला निघाली. यावरून या गिटारची आमच्या घरातली पत लक्षात यावी.

माझ्या गिटारला फ्लॉइड रोज पद्धतीचा तरंगता ब्रिज आहे, म्हणजे तारांची खालची टोके धरणारी हलती पट्टी, आणि ती हलवून सूर खालीवर करायला एक दांडा. वर नटपाशी, म्हणजे मानेच्या टोकाच्या पट्टीपाशी, आणि खाली ब्रिजमध्ये, अशा दोन्ही टोकांना तारा स्क्रूने जखडायच्या, म्हणजे दांडा दाबून त्या पार लोंबवल्या तरी सोडताच सूर जागच्या जागी येतात, ही फ्लॉइड रोज या अमेरिकी गिटारवादकाची १९७० च्या दशकातली कल्पना; आणि कल्पना म्हणून ती निर्दोष आहे. अडचण इतकीच, की हा ब्रिज दोन खुंट्यांवर नुसता टेकलेला असतो. त्याला पुढून सहा तारा ओढतात आणि मागून, गिटारच्या पोटात दडवलेल्या स्प्रिंगा. एक तार चढवली की ब्रिज पुढे झुकतो आणि उरलेल्या पाच उतरतात. शहाणी माणसे ब्रिजखाली लाकडाचा तुकडा सरकवून एकेक तार बदलतात. मी मात्र धूळ पुसण्याच्या मोहापायी सहाही तारा एकदम काढल्या.

शिवाय नेहमीच्या नऊऐवजी दहाचा, म्हणजे जरा जाड तारांचा, संच आणला होता. कागदावर हा फरक सर्वांत बारीक तारेत इंचाच्या हजाराव्या भागाचा, पण सहा तारांचा एकूण ताण त्यामुळे ३८ किलोंवरून ४६ च्या घरात जातो, आणि ब्रिज शेपटी वर केलेल्या मांजरासारखा उभा राहतो. मग गिटार उलटी करून स्प्रिंगांचे दोन स्क्रू पाव फेरा आवळायचे, सुलटी करून सहाही तारा पुन्हा लावायच्या, ब्रिज आडवा झाला का ते डोळा बारीक करून पाहायचे, आणि तो झालेला नसतो म्हणून गिटार पुन्हा उलटी करायची. सातव्या खेपेला एक स्प्रिंग उडून दिवाणाखाली गेली.

मी दिवाणाखाली असतानाच शेजारचे काका आले. ते गातात. ब्रिजवरचे सूर बारकाईने जुळवायचे स्क्रू पाहून ते म्हणाले, "अरे, हे तर आमच्या तंबोऱ्याचे मणीच!" तुलना चोख होती, पण तंबोऱ्याच्या एका तारेला दुसरीचे सोयरसुतक नसते, हे मी त्यांना जरा कडवटपणेच सांगितले.

मुळात या यंत्राचे बारसेच चुकले आहे. ट्रेमोलो म्हणजे आवाज लहानमोठा होणे, आणि सूर खालीवर होणे म्हणजे व्हायब्रॅटो; तरी लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५४ च्या स्ट्रॅटोकॅस्टरवरील दांड्याच्या यंत्रणेला ट्रेमोलो म्हटले आणि अँप्लिफायरमधल्या खऱ्या ट्रेमोलोला व्हायब्रॅटो. ज्याला स्वतःचे नाव धड लागले नाही, त्याच्याकडून सुराची अपेक्षा मी करत होतो.

दिवेलागणीला ब्रिज आडवा झाला, सहाही तारा बोलल्या, आणि मी श्वास रोखून नटचे स्क्रू आवळले. काका म्हणाले, "आता तो दांडा दाबून दाखव की!"

"आज नको, काका," मी म्हणालो आणि दांडा फिरवून काढून घेतला. तो अजून स्वयंपाकघरात, चमच्यांच्या खणात आहे.